उरलेली साठ वर्षं

गेल्या दिवाळी अंकात या सदरात टॅम्पिनीसच्या गोल बाजाराविषयी लिहिलं, तेव्हा मासळीच्या भावांवरून पत्रं येतील अशी माझी अपेक्षा होती. तीही आली. पण वाशीच्या एका काकांनी सगळा लेख सोडून एकाच वाक्यावर बोट ठेवलं. आमचं घर नव्याण्णव वर्षांच्या भाडेपट्ट्यावरचं आहे असं मी ओघात लिहून गेले होते. काकांचा निरोप असा : “म्हणजे घर तुमचं नाहीच की! मग एवढे डॉलर भरले कशाचे?”

काकांना व्हॉट्सॲपवर चार ओळींत उत्तर देता आलं असतं. पण हाच प्रश्न वर्षभरात आणखी तीन घरांतून ऐकला. दोन घरं इथल्याच ओळखीच्यांची, तिसरं आमचं स्वतःचं. नवऱ्याची साठी झाली आणि त्याने नोकरी सोडली. योगायोग असा की २०२५ सालीच आमच्या घराच्या पट्ट्याची शिल्लकही साठ वर्षांवर आली. आता विकायचं, ठेवायचं, की विकून पुण्याला जायचं, यावर आमच्याकडे रोज रात्री भांडी आवरताना चर्चासत्र असतं. तेव्हा यंदाचं सदर घरावरच.

सिंगापुरात घराचं वय उलटं मोजतात. आपल्याकडे घर दाखवणारा सांगतो, ‘बांधकाम पंधरा वर्षांचं आहे.’ इथे जाहिरातीत मजला, दिशा, एमआरटी स्टेशन किती मिनिटांवर, आणि त्याच्याच बाजूला ‘शिल्लक वर्षं’ लिहिलेली असतात. आमच्या ब्लॉकचा पट्टा १९८६ साली सुरू झाला, २०८५ मध्ये संपेल. त्या दिवशी जमीन आणि तिच्यावरचं घर दोन्ही सरकारकडे परत जाणार, आणि भरपाई शून्य. हे वाचून नातेवाइकांच्या पोटात गोळा येतो, म्हणून आधी हे प्रकरण आहे तरी काय ते सांगते.

हाउसिंग अँड डेव्हलपमेंट बोर्ड, म्हणजे एचडीबी, १ फेब्रुवारी १९६० रोजी स्थापन झालं. पुढच्याच वर्षी, २५ मे १९६१ ला, बुकित हो स्वी इथल्या झोपडवस्तीला आग लागून सुमारे सोळा हजार माणसं एका दिवसात उघड्यावर आली आणि बोर्डाच्या कामाने वेग घेतला. सुरुवातीला घरं भाड्याने देत. १९६४ पासून ती विकायला सुरुवात झाली आणि १९६८ पासून भविष्यनिर्वाह निधीतले, म्हणजे सीपीएफचे, पैसे घराच्या हप्त्याला वापरता येऊ लागले. इथली बहुतेक माणसं घरमालक झाली ती या एका सवलतीमुळे. आज दहातले जवळपास आठ रहिवासी एचडीबीच्या घरात राहतात. तेव्हा ‘सरकारी घर’ म्हटल्यावर पोलीस लाइन डोळ्यांसमोर आणू नका. आमच्या मजल्यावर एक शाळामास्तर, एक टॅक्सीवाले, एक बँकेतल्या बाई आणि आम्ही, असे सगळे एकाच कॉरिडॉरला आहोत.

टॅम्पिनीस हे नाव टेंपिनिस नावाच्या एका झाडावरून आलं. फार कठीण लाकडाचं झाड. नगर वसण्याआधी इथे रबराचे मळे होते, भाजीपाला होता, डुकरं पाळत, आणि वाळूच्या खाणी होत्या. शेजारच्या बेडोक जलाशयाच्या जागीही पूर्वी वाळूची खाणच होती. १९७० च्या दशकाच्या अखेरीस नगर उभारायला घेतलं आणि ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला माणसं राहायला आली. रस्त्यांना नावं देण्याची हौस कोणी केली नाही. स्ट्रीट ११, स्ट्रीट २१, स्ट्रीट ४१, बस्स. पण त्यात एक सोय आहे. पहिला आकडा वस्तीचा. ब्लॉकचा क्रमांकही त्याच आकड्याने सुरू होतो, म्हणजे चारशेच्या घरातला ब्लॉक चार नंबरच्या वस्तीत. आमच्या सासूबाई इंग्रजी न येता एकट्या फिरून घरी परत येत, त्या या आकड्यांच्या भरवशावर.

१९९२ साली या नगराला ब्रिटनमधल्या एका संस्थेचा ‘वर्ल्ड हॅबिटॅट अवॉर्ड’ मिळाला. टॅम्पिनीसकर अजून त्याचा दाखला देतात. आता इथे अडीच लाखांहून जास्त लोक राहतात, तीन मोठे मॉल आहेत, २०१७ पासून डाउनटाउन मार्गाचीही स्टेशनं आली आहेत. मॉलबद्दल मला लिहिण्यासारखं काही नाही. ते सगळीकडे सारखेच. लिहिण्यासारखं आहे ते स्टेडियमच्या जागी उभं राहिलेलं ‘अवर टॅम्पिनीस हब’. एकाच इमारतीत वाचनालय, पोहण्याचे तलाव, दवाखाना, खाऊगल्ली आणि फुटबॉलचं मैदान. संध्याकाळी तिथल्या पायऱ्यांवर बसून मैदानातली मॅच फुकट बघणारी आजोबा मंडळी पाहिली की मला डोंबिवलीच्या जिमखान्याची आठवण होते.

मराठी माणसं टॅम्पिनीसला का आली, याचं उत्तर सोपं आहे. चांगी बिझनेस पार्क. बँकांची मोठी कचेरी-केंद्रं तिथे आली आणि त्यांच्यामागोमाग संगणकवाले आले. शिवाय विमानतळ जवळ. भारतातून नातेवाईक उतरले की पंधरा मिनिटांत घरी, आणि परतताना पिशव्यांचं वजन घरच्या काट्यावर तीनदा करूनही उशीर होत नाही.

आता आमचं घर. एचडीबीच्या भाषेत तो ‘पाच खोल्यांचा’ फ्लॅट. भारतातल्या भाषेत तीन बेडरूम, हॉल, स्वयंपाकघर. जेवणाच्या जागेलाही इथे खोली म्हणून मोजतात. जुना असल्यामुळे ऐसपैस आहे, सुमारे एकशे वीस चौरस मीटर. नवीन पाच खोल्यांचे फ्लॅट याहून लहान असतात, पण त्यांत एक वस्तू असते जी आमच्याकडे नाही : जाड भिंतींची, लोखंडी दाराची आश्रयाची खोली. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धापासून प्रत्येक नव्या घरात युद्धप्रसंगासाठी ती बांधतात. ओळखीच्या सगळ्या मराठी घरांत तिची कोठीची खोली झालेली आहे. तांदळाची पोती, फराळाचे डबे आणि वर्षातले साडेतीनशे दिवस गणपतीची आरास. बॉम्ब पडला तर थर्माकोलचं मखर बाहेर काढून मग आत शिरावं लागेल.

आम्ही २००४ साली हे घर एका चिनी कुटुंबाकडून घेतलं. तेव्हा पट्ट्याची एक्क्याऐंशी वर्षं शिल्लक होती. सासूबाईंनी तेव्हाही काकांसारखाच प्रश्न विचारला होता. फक्त त्यांनी पैशाचं काढलं नाही, “नातवाला काय राहणार?” एवढंच विचारलं. त्यांना मी हिशोब करून दाखवला की २०८५ साली नातू एकोणनव्वद वर्षांचा असेल. त्यावर त्या म्हणाल्या, “आणि त्याची मुलं?” या प्रश्नाला सिंगापूर सरकारकडेही उत्तर नाही, माझ्याकडे कुठून असणार!

सातव्या मजल्यावर घर. त्या काळी लिफ्ट प्रत्येक मजल्यावर थांबत नसे. आमच्या ब्लॉकची पहिल्या, पाचव्या आणि नवव्या मजल्यावर थांबे. सासूबाईंचे गुडघे दुखायचे, म्हणून त्या नवव्यावर जाऊन दोन मजले खाली उतरत. खाली जाताना मात्र दोन मजले उतरून पाचव्यावर लिफ्ट पकडत. चढायचं कधीच नाही. ही युक्ती त्यांनी दुसऱ्या दिवशी शोधली आणि शेजारच्या चिनी आजींना खुणांनी शिकवली. २००१ पासून सरकारने जुन्या ब्लॉकच्या लिफ्ट सुधारायला घेतल्या. आमच्या ब्लॉकची पाळी यायला बरीच वर्षं गेली. पात्र घरांपैकी तीन चतुर्थांश घरांनी होकार दिला तरच काम होतं. मधल्या मजल्यांवरच्या आम्हा लोकांना यात मत काय असणार हे उघड होतं. पण पाचव्या मजल्यावरच्या, ज्यांच्या दारात आधीच लिफ्ट थांबत होती, त्यांनीही खर्चातला वाटा उचलायला होकार दिला. त्या मतदानानंतर मला हा ब्लॉक खऱ्या अर्थाने आपला वाटू लागला.

काकांच्या मुद्द्याकडे येते. घर ‘आपलं’ म्हणजे काय?

मी त्यांना उलट विचारलं, “काका, वाशीच्या तुमच्या सोसायटीची जमीन कोणाची?” दोन दिवस उत्तर आलं नाही. मग आलं : “सिडकोची.” १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोने नवी मुंबईतली जमीन लोकांना विकलेली नाही, साठ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिली आहे. फ्लॅट विकायचा तर सिडकोचं ना-हरकत आणि हस्तांतरण शुल्क हे नवी मुंबईकराला पाठ असतं. एमआयडीसीच्या भूखंडांचा पट्टा पंच्याण्णव वर्षांचा. म्हणजे डोंबिवली एमआयडीसीच्या निवासी विभागातली माझी मावसबहीण आणि टॅम्पिनीसची मी, आम्ही दोघी सारख्याच पट्टेदार. फरक एवढाच, की तिकडे पट्टा संपेल तेव्हा सरकार काहीतरी वाढवून देईल हे सगळ्यांनी गृहीत धरलंय, आणि इकडे सरकार स्वच्छ सांगतं की तसं धरू नका.

आणि नुसतं सांगत नाही. गेलांग भागात लोरोंग ३ इथे १९१ छोटी बैठी घरं होती, साठ वर्षांच्या पट्ट्यावरची. ३१ डिसेंबर २०२० ला मुदत संपली, जमीन सरकारजमा झाली, घरमालकांना भरपाई मिळाली नाही. ती एचडीबीची घरं नव्हती, खासगी होती, पण सगळ्या बेटाने ते प्रकरण डोळे मोठे करून वाचलं. त्याआधी मार्च २०१७ मध्ये तेव्हाचे राष्ट्रीय विकास मंत्री, आता पंतप्रधान असलेले लॉरेन्स वाँग यांनी लोकांना बजावलं होतं की जुना ब्लॉक सरकार चांगल्या भावाने घेऊन नवीन घर देईल या आशेवर जास्त पैसे मोजू नका. अशी लॉटरी फार थोड्या ब्लॉकना लागते. २०१८ साली आणखी एक योजना जाहीर झाली, साधारण सत्तर वर्षं जुन्या वसाहतींनी मतदान करून मुदतीआधी घरं सरकारला परत द्यायची. आमचा ब्लॉक सत्तरीला येईल तेव्हा २०५६ उजाडलेलं असेल. मी तेव्हा सत्याऐंशी वर्षांची. मतदानाला जाईन, आता लिफ्ट आहे.

पट्ट्याचा खरा चिमटा शेवटच्या वर्षी बसत नाही, तो आत्ताच बसू लागतो. हे दोन्ही घरांतल्या मंडळींना माहीत नव्हतं म्हणून सविस्तर लिहिते. मे २०१९ पासून नियम असा आहे : शिल्लक पट्टा घेणाऱ्यांपैकी सर्वांत लहान व्यक्तीला पंच्याण्णव वर्षांची होईपर्यंत पुरत असेल, तरच सीपीएफचे पैसे पूर्ण मर्यादेपर्यंत वापरता येतात, नाहीतर वयाच्या हिशोबाने कमी. आमची शिल्लक साठ. पंच्याण्णवातून साठ गेले, पस्तीस राहिले. म्हणजे आमच्या घराला पस्तिशीच्या पुढचं जोडपं गिऱ्हाईक म्हणून सोयीचं, तिशीतल्या जोडप्याला रोख जास्त घालावी लागणार. पुढच्या वर्षी ही अट छत्तिशी होईल. दहा वर्षांनी पंचेचाळीस. आमच्या घराचं गिऱ्हाईक दर दिवाळीला एका वर्षाने म्हातारं होतंय! भाव आज आम्ही घेतला त्याच्या दुपटीहून जास्त आहे आणि नवरा त्या आकड्याकडे बघतो. मी गिऱ्हाइकाच्या वयाकडे बघते.

दुसरी गोष्ट, हातात किती येतात. घरासाठी सीपीएफमधून काढलेली रक्कम विक्रीनंतर अडीच टक्के व्याजासह आपल्याच खात्यात परत भरावी लागते. पैसे आपलेच, पण आधी ते तिकडे जातात आणि मग नियमाप्रमाणे सुटतात. वीस वर्षं हप्ते सीपीएफमधून गेले असतील तर ही रक्कम चांगली जाडजूड होते. ‘इथलं विकू, बाणेरला रोखीने घेऊ’ असं म्हणणाऱ्यांनी आधी सीपीएफच्या पानावर हा आकडा पाहावा आणि मग बाणेरच्या बिल्डरला फोन करावा.

तिसरी गोष्ट नाजूक आहे. वांशिक प्रमाणाची मर्यादा.

१ मार्च १९८९ पासून एचडीबीच्या प्रत्येक वस्तीत आणि प्रत्येक ब्लॉकमध्ये कुठल्या वंशाची किती घरं असू शकतात याला मर्यादा आहे. ऐंशीच्या दशकात काही नगरांत एकाच समाजाचे लोक गोळा होऊ लागले होते. टॅम्पिनीस आणि बेडोककडे मलय कुटुंबांचा ओढा होता. १९६४ च्या दंगली पाहिलेल्या पिढीला वेगवेगळे मोहल्ले नको होते. आजच्या मर्यादा अशा : ब्लॉकमध्ये चिनी ८७ टक्के, मलय २५, आणि ‘भारतीय व इतर’ १५, वस्तीसाठी याहून थोड्या कमी. ‘भारतीय व इतर’ या एका टोपलीत आपण, तमिळ, शीख, मल्याळी, युरेशियन, फिलिपिनो सगळे. २०१० पासून त्यावर आणखी एक चाळणी आली : मलेशियन सोडून बाकीच्या पीआर कुटुंबांची घरं वस्तीत पाच आणि ब्लॉकमध्ये आठ टक्क्यांपर्यंतच. तेव्हा नव्या मराठी पीआर जोडप्याला घर शोधताना दोन दारं एकदम उघडी असावी लागतात. शिवाय २०१३ पासून पीआर मिळाल्यावर तीन वर्षं थांबल्याशिवाय जुनं घरही घेता येत नाही. नवं तर नाहीच.

घेणाऱ्याची अडचण पटकन लक्षात येते. विकणाऱ्याची येत नाही. समजा ब्लॉकमध्ये चिनी घरांची मर्यादा भरलेली आहे. चिनी मालक आपलं घर चिनी माणसाला विकू शकतो, कारण प्रमाण बदलत नाही. पण मी विकू शकत नाही, कारण प्रमाण वाढेल. सिंगापुरात चारातले जवळपास तीन लोक चिनी. म्हणजे माझ्या घराचं बहुतेक गिऱ्हाईक दारातूनच परत जाणार, आणि शेजारचं तेवढंच घर माझ्यापेक्षा चढ्या भावाने जाणार. ओळखीच्या एका मराठी जोडप्याला हे घर विकायला काढल्यावर कळलं. मुलीकडे मेलबर्नला जायचं होतं, तिकिटं काढली होती. आकडे दर महिन्याच्या पहिल्या तारखेला नवे लागतात, म्हणून ते दर महिन्याला पाहायचे, दहावीचा निकाल पाहावा तसे. आठ महिन्यांनी एका तमिळ कुटुंबाला घर दिलं, आधी ठरवलेल्या भावापेक्षा कमीत. सरकारनेही ही झळ मान्य केली आहे. २०२२ पासून, जिथे घर विकणं खरोखरच अशक्य झालंय अशा वेळी एचडीबी स्वतः ते विकत घेऊ शकतं.

मग ही मर्यादा वाईट का? माझं मत विचाराल तर, नाही. मी हे घर विकणारी म्हणून बोलले तर ती मला महाग पडते. इथे एकवीस वर्षं राहिलेली म्हणून बोलले तर तिच्याशिवाय हा कॉरिडॉर झाला नसता. आमच्या उजव्या हाताला माकचिक, म्हणजे मलय मावशी. डावीकडे चिनी आँटी. आपल्याकडे मुंबईत सोसायट्यांमध्ये आडनाव विचारून, ‘नॉनव्हेज खाता का’ विचारून घर नाकारतात, तेही मी पाहिलंय. तिथे कागदावर मर्यादा नाही, पण दार बंद. इथे मर्यादा कागदावर आहे, आणि कुठल्या महिन्यात दार उघडेल ते आधी कळतं. एवढं मात्र खरं, की मर्यादेचा फायदा सगळ्यांना होतो आणि किंमत विकायच्या दिवशी आपण मोजतो. ती किंमत बाकीच्यांनीही थोडी वाटून घ्यायला हवी.

कॉरिडॉरचं थोडं सांगते, कारण नातेवाइकांना त्यातच रस असतो. वास्तुशांतीच्या वेळी गुरुजींनी होम छोटा ठेवला तरी धूर झालाच. मी आधी दोन्ही शेजाऱ्यांना सांगून आले होते. आँटी म्हणाल्या, सातव्या महिन्यात आम्ही कागद जाळतो तेव्हा तुम्हीही खिडकी लावून घेताच की. नळ्यांसारख्या खोबणीत बांबू खोचून त्यावर कपडे वाळत घालायची इथली पद्धत सासूबाईंना आवडली नाही. त्यांचं नऊवारी एका बांबूवर मावत नसे आणि खालच्या मजल्यावरच्या खिडकीवर पडदा लागे. तुळस कॉरिडॉरमध्ये आहे. अग्निशमनाच्या नियमाप्रमाणे जायला यायला एक मीटर वीस सेंटिमीटर वाट मोकळी ठेवावी लागते, म्हणून वृंदावन नाही, कुंडीच. रांगोळी वाटेत चालते, ती काही कोणाला अडत नाही. माकचिकांची नातवंडं तिच्यावरून उड्या मारत शाळेत जातात.

फटाके इथे १९७२ पासून बंद. फुलबाज्या तेवढ्या. दिवाळीची सुट्टी एकच, आणि ती तमिळ पंचांगाप्रमाणे नरकचतुर्दशीची, त्यामुळे अभ्यंगस्नान निवांत होतं आणि लक्ष्मीपूजनाला बहुतेक वर्षी माणसं ऑफिसातून धावत येतात. फराळाची ताटं मात्र पहिल्याच दिवशी कॉरिडॉरभर फिरतात. आँटींना कडबोळी आवडतात. माकचिकांकडे देताना सगळं शाकाहारी आहे हे एकवीस वर्षं सांगते आहे, आणि त्याही एकवीस वर्षं ‘माहीत आहे’ म्हणतात.

आता सासूबाईंच्या प्रश्नाचं. मिरजेजवळ सासऱ्यांच्या गावी आमचं ‘कायमचं’ घर आहे. पट्टा नाही, मुदत नाही, पिढ्यान्पिढ्यांचं. ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर आज अकरा नावं आहेत; दोघं अमेरिकेत, एक हयात नाही आणि वारसनोंद व्हायची आहे. माडीचं छप्पर चार पावसाळ्यांपूर्वी बसलं. कोणी दुरुस्त करायला तयार नाही, कारण आपण पैसे घालायचे आणि दहा जणांचं घर नीट व्हायचं. विकायचं तर अकरा सह्या. त्या घरात शेवटचा दिवा २०११ साली लागला. मी हे नवऱ्याला ऐकवलं की तो गप्प होतो, आणि मग म्हणतो, “तरी ते आपलं आहे.” ते आहेच. मला त्याचं वाईट वाटतं म्हणूनच सांगते.

मुलाने मात्र वादच मिटवला. तो एकोणतीस वर्षांचा, इथेच वाढला, सैन्यसेवा केली. त्याने आणि त्याच्या होणाऱ्या बायकोने टॅम्पिनीस नॉर्थला नवीन घर नोंदवलंय, चार खोल्यांचं. कोरी नव्याण्णव वर्षं. “आई, तुमचं घर मला नकोय,” म्हणाला, “म्हणजे चांगलं आहे, पण माझं झालंय.” दोन घरं एकदम ठेवायला नियमाने परवानगीही नाही. एचडीबीचं एक घर असताना दुसरं वारशाने आलं, तर दोन्हीपैकी एकच ठेवता येतं. इतकी वर्षं ज्याच्यासाठी घर राखायचं म्हणत होतो, त्याने ते असं दोन वाक्यांत मोकळं केलं.

म्हणून मी ठेवायच्या बाजूची आहे. साठ वर्षं मला नकोतच. मला तीस पुरतील. नागरिक असलेल्या मालकाचं वय पासष्ट झालं की पट्ट्याची शेपटाकडची वर्षं एचडीबीला परत विकून त्या पैशाचं दरमहा उत्पन्न सुरू करता येतं. २००९ ची योजना, २०१९ पासून पाच खोल्यांच्या घरांनाही लागू. दोघांना पुरतील एवढी वर्षं ठेवायची, बाकीची देऊन टाकायची. सासूबाई असत्या तर त्यांना ही कल्पना भयंकर वाटली असती : घर जिवंतपणी शेवटाकडून थोडं थोडं विकायचं! मला ती सोयीची वाटते. मी नागरिकत्व घेतलं. नवऱ्याने भारतीय पासपोर्ट ठेवलाय, ‘कधी ना कधी परत’ या एका वाक्यासाठी. आमचा मतभेद खरा तिथे आहे, घरात नाही.

ज्यांचं घर विकायला काढायचं चाललंय त्यांनी एवढं करावं : शिल्लक वर्षं पाहावीत, या महिन्याची वांशिक मर्यादा पाहावी, सीपीएफला किती परत जाणार ते पाहावं, आणि हे तिन्ही एजंटला बोलावण्याआधी पाहावं. एजंट चांगला असला तरी त्याला घर विकायचं असतं.

आमच्याकडे सध्या स्थिती अशी आहे. दिवाळीनंतर स्वयंपाकघराच्या फरश्या बदलायला मी माणूस ठरवलाय. त्याने विचारलं, किती वर्षं टिकणाऱ्या हव्यात. मी म्हटलं, चांगल्या लाव. नवरा बाजूलाच बसला होता, फोनवर बाणेरचे फ्लॅट बघत. त्याने मान वर केली आणि म्हणाला, “पांढऱ्या नको, डाग दिसतात.”